खिंडीतली दोन पोती

जुलैच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्याच्या, दुसऱ्या आठवड्यात मोखोतलोंगच्या डोंगरात असा बर्फ पडला की गुराख्यांच्या झोपड्यांचे नुसते छप्परच दिसत होते. सैन्याने खाली छावणी टाकली आणि मक्याच्या पिठाची पोती घोड्यांवर लादून माणसे वर धाडायला सुरुवात केली. खिंडीपलीकडची शेवटची झोपडी कॉर्पोरल मोत्लात्सीच्या वाट्याला आली. तिथे म्हातारी मानेओ आणि तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा राहत होते.

मोत्लात्सी एकवीस वर्षे सैन्यात होता. त्याच्या देशाची फौज लहान, पण त्याला तिचा मोठा अभिमान. खिंडीपर्यंत तो गेला. तिथे वारा सुटला, घोडा पोटापर्यंत रुतला आणि अडून बसला. खाली झोपडी दिसत होती, धुराची बारीक रेघही दिसत होती. अर्ध्या तासाची वाट. पण मोत्लात्सीला पुढे जायची हिंमत झाली नाही. त्याने पोती एका कपारीत ढकलली आणि माघारी फिरला.

"दिलीस पोती?" लेफ्टनंट खाबेलेने विचारले.

"दारात नेऊन दिली, साहेब."

शेजारच्या शिपायाने चेष्टा केली, "म्हातारीनं काही खाऊ घातलं की नाही?" मोत्लात्सी हसला. ते हसू त्याला पुढे फार दिवस आठवत राहिले.

पाचव्या दिवशी मानेओ छावणीत आली. घोंगडीत गुरफटलेली, काठी टेकत, डाव्या पायाला चिंध्या बांधलेल्या. डॉक्टरने चिंध्या सोडल्या तर दोन बोटे काळीठिक्कर. ती कापावी लागणार, असे त्याने सांगितले.

"बर्फात एवढं फिरायचं कशाला, म्मे?" लेफ्टनंटने विचारले. तिकडे आईच्या वयाच्या बाईला म्मे आणि बापाच्या वयाच्या माणसाला न्ताते म्हणतात. "पीठ पोहोचलं ना तुम्हाला?"

"पोहोचलं."

"कॉर्पोरलनं आणलं ना दारापर्यंत?"

मोत्लात्सी तंबूच्या तोंडाशी उभा होता. म्हातारीने त्याच्याकडे बघितले. खिंडीतून माघारी फिरलेला माणूस हाच, हे तिने ओळखले.

"हो," ती म्हणाली. "दारापर्यंत."

लेफ्टनंट गेल्यावर तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"म्मे, तुम्ही बघितलंत मला?"

"बघितलं. दारातूनच. घोडा उभा, तू उभा. मग फिरलास. माझ्या म्हाताऱ्यानं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. म्हटलं, काही टाकून गेलाय का बघावं. एक पोतं एका दिवसात ओढून आणलं, दुसरं दुसऱ्या दिवशी."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तुझ्यासाठी नाही. तू कोण माझा? तुला शिक्षा झाली, तर पुढच्या बर्फात तुझे साथीदार म्हणतील, त्या म्हातारीच्या वाटेला कशाला जा. आम्हाला वरतीच राहायचंय, बाबा."

ती चिडली असती तर त्याला सोसले असते. त्याने मान खाली घातली, ती वर करवेना. उठला तो सरळ लेफ्टनंटपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळे सांगितले. म्हातारी खोटे का बोलली तेही.

लेफ्टनंटने ऐकून घेतले. "वारा होता म्हणून परत आलो असं म्हणाला असतास, तर मी दुसऱ्याला धाडलं असतं. एवढंच बोलायचं होतं रे तुला." त्याच दिवशी मोत्लात्सीच्या बाहीवरची कॉर्पोरलची फीत गेली.

"माझी एक विनंती आहे, साहेब. म्हातारी इथं असेपर्यंत तिच्या नवऱ्याजवळ मला जाऊ द्या."

या वेळी वाट मोकळी होती. झोपडीत म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मोत्लात्सीने शेणाच्या गोवऱ्या पेटवल्या, पाणी ठेवले, त्याच पोत्यातले पीठ घालून घट्ट पापा, म्हणजे मक्याची उकड, शिजवली.

"कोण तू?" म्हाताऱ्याने विचारले.

"खिंडीतून परत फिरलो तो मी, न्ताते."

म्हाताऱ्याने कूस बदलली नाही, पण थोड्या वेळाने हात मागे करून वाडगा मागितला. मोत्लात्सीने तो भरून त्याच्या हातात दिला. म्हातारा एका कुशीवर पडल्यापडल्याच खात राहिला. म्हातारी परत येईपर्यंत, अकरा दिवस, मोत्लात्सी तिथे राहिला.