अहो-जाहो
चष्मेवाल्याने लेकीच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला, गाडीच्या खिडकीशी उजेडात धरला आणि डाव्या काडीला अंगठ्याने जरासा बाक दिला.

"कुणी केला गं हा?"

"घराजवळच्या दुकानात केला, बाबा. नंबर वाढला होता. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

तुम्हाला! सकाळपासून हे तिसऱ्यांदा. चौथीपर्यंत हीच पोर अख्ख्या डब्यासमोर 'तुला काही कळतं का रे?' म्हणून त्याला झापायची. आता ती अहो-जाहो करत होती. मोठी झाली, वळण लागलं, अशी त्याने मनाची समजूत घातली खरी, पण त्या एका 'अरे'साठी जीव नुसता तुटत होता.

घटस्फोटाला चार वर्षं झाली. महिन्यातला एक रविवार त्याच्या वाट्याला आला होता. त्या दिवशी बापलेक सकाळची गाडी पकडून शहराबाहेर जायची, मनाला येईल त्या स्टेशनवर उतरायची, पाय दुखेपर्यंत भटकायची आणि उन्हं कलली की परतायची. आज दोघं तळ्यावर जाऊन आली होती. मुलीच्या आईने दोन वर्षांपूर्वी पुन्हा लग्न केलं होतं. त्या गृहस्थांना मुलगी काका म्हणायची. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती.

आज त्याला तिला एकच विचारायचं होतं. सुट्टीत महिनाभर माझ्याकडे राहायला येशील का? मागची खोली त्याने रिकामी केली होती, चष्म्याचं दुकान दोन दिवस बंद ठेवून स्वतःच्या हाताने रंगवली होती. पण शब्द काही तोंडातून फुटेना. जाताना गाडीत शेजारी माणसं होती, तळ्यावर वारा फार होता. सबबींना काय तोटा! आता दोनच स्टेशनं उरली होती.

त्याने चष्मा रुमालाने पुसून तिला दिला आणि खाकरून खिडकीबाहेर बघत म्हणाला,

"बरं का, सुट्टीचं मी म्हणत होतो..."

"ए बाबा!"

"ओ!" तो चटकन वळला. चेहरा कसा फुलून आला होता.

लेकीच्या कानाला फोन होता.

"...अरे, तू कशाला धावतपळत येतोस? पोचतेच आहे मी." बोलता बोलता तिची नजर त्याच्याकडे गेली आणि आवाज एकदम खाली आला. "ठेवते."

तिने फोन उगाचच पिशवीत तळाशी कोंबला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"काका होते," ती म्हणाली.

"हं."

"तुम्ही सुट्टीचं काहीतरी म्हणत होतात."

"काही नाही गं. कधी लागते, एवढंच."

"पुढच्या महिन्यात."

गाडीचा वेग कमी झाला. तो उठला आणि त्याने वरच्या फळीवरची तिची टोपी काढून तिच्या हातात दिली.

"तुझ्या बाबाला परत फोन लाव," तो म्हणाला. "म्हणावं, पुलापाशी थांब. आपला डबा तिथेच येतो."