साइडपट्टीवरचा डबा

आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मला सगळे तोफ म्हणतात. म्हणोत बापडे. मला बसवलंय स्क्रीनसमोर, एकशे दहा ट्रक कुठे आहेत ते बघायला. ठरलेल्या रस्त्यावरून ट्रक जरा आत वळला की त्या ड्रायव्हरच्या नावापुढे लाल खूण टाकायची. तीन खुणा झाल्या की नोकरी गेली. डिझेल चोरायला वळतात म्हणे! त्या धाकाने आमचे ड्रायव्हर दोन किलोमीटर आतल्या पार्किंगच्या आवारात जातच नाहीत, हायवेच्या साइडपट्टीवरच झोपतात.

माझा थोरला भाऊ त्यांच्यातलाच. त्याच्या नावापुढच्या दोन खुणा मीच टाकल्यात, याच हातांनी.

परवा दुपारी बाराला त्याचा फोन आला. "डोळे मिटतायत गं. कडेला घेतलाय ट्रक."

"दादा, आवारात जा ना!"

"आणि तिसरी खूण पडली म्हणजे? पोरीचं कॉलेजचं पहिलंच वर्ष आहे." त्याने फोन ठेवून दिला.

माझं डोकंच फिरलं. मागच्याच महिन्यात अशा उभ्या ट्रकला मागून धडक बसून एक ड्रायव्हर गेला होता. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. साहेब डबा उघडत होते.

"साहेब, झोपायला आत वळू द्या त्यांना. जीव जाईल एखाद्याचा."

"अगं, ट्रक कडेला असतो, रस्त्यात नाही. काय धाड भरते त्याला?"

"काही होत नाही ना? मग चला, आजचा डबा तिथेच खा!"

बाहेरच्या टेबलांवरची कामं थांबली. सगळ्यांचे कान आमच्याकडे. आता नाही म्हणण्याची सोयच उरली नव्हती. साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "चल!"

वीस मिनिटांत पोचलो. गाडी खालच्या रस्त्याला लावली, चढ चढलो. मी कठड्याशी थांबले, साहेब तो ओलांडून ट्रकपाशी गेले. दादाचे डोळे लालभडक. साहेबांना बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, दहाच मिनिटं..."

"उतर खाली. मी बसतो."

दादा येऊन माझ्याजवळ कठड्यापलीकडे उभा राहिला. साहेब ऐटीत चढले, डबा मांडीवर घेतला. पहिला कंटेनर गेला तशी अख्खी केबिन हलली. साहेब माझ्याकडे बघून हसले. दुसरा गेला, झाकण खाली पडलं. मग दोन एकदम गेले आणि घास हातातच राहिला. त्यामागून एक बस पांढरी रेघ ओलांडून, कर्कश हॉर्न देत, हातभर अंतरावरून सणसणत गेली.

पुढच्या क्षणाला साहेब आमच्या बाजूच्या दारातून बाहेर! शर्टभर भाजी, एक बूट केबिनमध्येच. एवढा पोटाचा घेर सांभाळत कठडा कसा ओलांडला देव जाणे.

"चार मिनिटं झाली," मी म्हणाले. हसले नाही, शप्पथ. घरी जाऊन हसले.

साहेबांनी शर्टावरची भाजी झटकली. "रोज असे झोपता तुम्ही?"

"रोज," दादा म्हणाला. "डोकं कठड्याकडे करून झोपतो साहेब. गेलेच तर पाय जातील."

साहेबांनी दादाच्या पायांकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "तो नियम काढून टाक."

"तोंडी नको." मी त्यांच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं.

त्यांनी उभ्याउभ्या स्वतः लिहिलं: झोप आली की आवारात वळा, खूण पडणार नाही. साइडपट्टीवर झोपू नका. गाडी बंद पडली तर उतरून कठड्यापलीकडे उभे राहा.

"आणि जुन्या खुणा?"

"पूस बाई, सगळ्या पूस!"

एकशे दहा जणांना निरोप गेला. मिनिटभरात फोन नुसता टणटणत सुटला. एकाने तर विचारलं, साहेबांचा फोन चोरीला गेलाय का?

दादाने ट्रक आवारात नेला, आम्ही मागोमाग. ट्रक लावला, आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. तेवढ्यात साहेबांना गिऱ्हाइकाचा फोन आला. माल कुठाय म्हणून त्याचा आरडाओरडा मलासुद्धा ऐकू येत होता. साहेबांनी केबिनकडे बघितलं, चार पावलं लांब गेले आणि तोंडाशी हात धरून हळूच म्हणाले, "माल उशिरा येईल. आमचा ड्रायव्हर झोपलाय."

अख्खं आवार डोक्यावर घ्यावंसं वाटलं मला! पण दादा जागा झाला असता, म्हणून पदर तोंडात कोंबून तिथेच उभी राहिले.