वरचं झाकण

पावसाचं पाणी नेणाऱ्या गटारात कोण काय सोडतं, हे बघणं पालिकेतल्या या निरीक्षकाचं काम. तीन महिन्यांपूर्वी गटारात काळं तेल दिसलं, तेव्हा त्यानं सख्ख्या मेव्हण्याच्या गाड्या धुण्याच्या दुकानाला सील ठोकलं. नात्याकडे बघितलं नाही म्हणून ऑफिसात काय कौतुक झालं! बहिणीनं मात्र बोलणं टाकलं.

आज सरीनंतर गटारात पुन्हा तेच तेल. दुकान तर बंद! दुकानाच्या वरच्या अंगाचं, म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडचं, गटाराचं झाकण गच्च बसलेलं होतं, म्हणून तेव्हा त्यानं ते उघडायचा कंटाळा केला होता. आज पहार घालून उचकटलं. तेल तिथंही होतं. एकेक झाकण उघडत तो चढावर गेला आणि थेट पालिकेच्याच कचरागाड्यांच्या वर्कशॉपशी पोचला.

"आपणच आपल्याला नोटीस द्यायची?" ऑफिसात साहेब हसले.

"निदान मेव्हण्याचं सील तरी काढू या."

"सही तुमची आहे. चूक झाली असं लिहून द्या, लगेच काढतो. पुढची चौकशी तुमची तुम्ही निस्तरा."

निरीक्षकानं कागद ओढला, पेन काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं.

संध्याकाळी बहीण आपणहून दारात आली. "दादा, एकच सांग. हे पहिल्यापासून म्हणतात, तेल आपलं नाही, वरून येतं. सील ठोकण्याआधी वरचं झाकण उघडून बघितलं होतंस ना?"

"म्हणजे काय! बघितलं होतं."

"म्हणजे इतके दिवस हेच माझ्याशी खोटं बोलले," ती म्हणाली, "आणि मी राग धरला तुझ्यावर."