दादाची भट्टी आणि दवाखान्याचा फ्रीज

गल्लीतला धूर बंद केला तो नर्सबाईंनीच. आणि धूर तरी कोणाचा, तर सख्ख्या दादाच्या बेकरीचा. दवाखान्याच्या खिडकीतून तो बिनदिक्कत आत यायचा, पोरं धापा टाकत यायची आणि वाफेचं मशीन दिवसभर घुरघुरत असायचं. शेवटी बाईंनी दादाच्या मागे भुणभुण लावून लाकडाची भट्टी बंद करवली, विजेची घ्यायला लावली. पहिलं वर्ष झकास गेलं. खोकला इतका ओसरला की वाफेचं मशीन कपाटावर जाऊन बसलं.

मग दादाचं पाहून इस्त्रीवाला विजेवर आला, कापड रंगवणारा आला, खानावळवाली आली. सगळे शहाणे झाले आणि सगळ्यांच्या शहाणपणाचा भार एकाच ट्रान्सफॉर्मरवर पडला. पहाटे दादाची भट्टी तापायला लागली की दवाखान्यातले दिवे मिणमिणायचे आणि लसींचा फ्रीज मान टाकायचा. गेल्या महिन्यात गरम झालेल्या लसी बाईंनी स्वतःच्या हातांनी फेकून दिल्या. दारात उभ्या असलेल्या आयांना तसंच परत पाठवताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई नगरपालिकेच्या कचेरीत गेल्या. साहेबांच्या मागे भिंतीवर उद्दिष्टांचा, रंगीत चौकटींचा भलामोठा तक्ता; पुरं झालेलं ते हिरवं.

"स्वच्छ हवा हिरवी झाली बघा. लसीकरण आधीपासून हिरवंच. दोन्ही तुमच्याच कृपेने!" साहेब खुशीत होते.

"पण त्या दोन्हींचं आता एकमेकांशी पटेनासं झालंय, साहेब. विजेचं काहीतरी करा."

"वीज आमच्याकडे नाही. ते खातं वेगळं."

बाई उठल्या. पूर्वी त्या टेबलावर हात आपटून भांडल्या असत्या. आता तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लसी टोचायच्या होत्या, आणि या खेपेला दादाची नातही होती. संध्याकाळी बाई बेकरीत जाऊन बसल्या.

"दादा, उद्या पहाटे भट्टी लावू नकोस. सगळ्यात जास्त वीज तीच खाते."

"आधी म्हणालीस धूर नको, आता म्हणतेस वीज नको. पाव काय उन्हात वाळवू?"

बहीण उलट बोलत नाही म्हणजे पाणी गळ्याशी आलंय, हे दादाला पुरतं ठाऊक होतं. तो विरघळला.

"जा घरी. तुझा फ्रीज उद्या थंड राहील, माझा शब्द."

दादाने शब्द पाळला. सकाळी बाई आल्या तेव्हा फ्रीज छान गुणगुणत होता. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. त्यांनी खिडकी उघडली, आणि लाकडाचा ओळखीचा धूर आत आला.

रांगेत पहिली भाची होती. ती बेकरीच्या वरच्याच खोलीत राहायची. कडेवरच्या लेकीची छाती शिट्टीसारखी वाजत होती.

"आत्या, पहाटेपासून असंच चाललंय गं. लस देऊन टाकतेस ना?"

"आज नाही, बाळा. आधी तिची धाप कमी होऊ दे."

बाई स्टुलावर चढल्या. मशीन खाली काढलं, त्यावरची धूळ ओढणीने पुसली.

तेवढ्यात दादा दारात आला. हाताला पीठ, काखेत गरम पावांची पिशवी, तोंडभर हसू.

"काय गं, थंड आहेत ना लसी?"

"एकदम थंड आहेत, दादा," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या नातीच्या नाकावर वाफेचा मास्क धरला.