चिमूटभर गरवा

कांद्याचं बी जेमतेम एक वर्ष जगतं, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, बी म्हणजे बी. डब्यात घालून झाकण लावलं की नातवंडांपर्यंत टिकतं. गहू टिकतो, बाजरी टिकते. कांद्याचं बी मात्र एक पावसाळा काढतं आणि दुसऱ्या वर्षी वाफ्यात टाकलं तर खड्यासारखं पडून राहतं. म्हणजे ते दरसाल नव्यानं धरायला हवं. एक साल चुकलं की वाण संपला. आमच्या घरात आईच्या सासूपासून हे साल चुकलेलं नव्हतं.

आई म्हणजे सोजरबाई, वय चौऱ्याहत्तर. मी खंडू, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर लोखंडी बुश, म्हणजे यंत्राचे नळीसारखे सुटे भाग, मोजतो, केसाएवढा फरक निघाला तरी नापास म्हणून लाल पेटीत टाकतो. ऑपरेटर पोरं मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यांचं फार काही चुकत नाही. घरचं दीड एकर रान उरलंय, ते आई आणि माझी बायको कस्तुरा बघतात. मी बघतो म्हणजे गुरुवारी, कंपनीला सुट्टी असते तेव्हा, बांधावर उभा राहून फुकटचे सल्ले देतो.

आमचा कांदा गरवा, म्हणजे उशिरा तयार होणारा. चपटा, फिका गुलाबी, बारीक मानेचा. एप्रिलात काढून कांद्याच्या चाळीत साठवला की दिवाळी ओलांडायचा. पूर्वी आसपासच्या दहा-बारा घरांत आमचंच बी असायचं. मागेल त्याला आई ओंजळभर द्यायची, विकलं कधी नाही. ‘एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरून आणता येतं,’ एवढाच तिचा हिशेब होता. आता त्या घरांच्या रानांत गोदामं उभी आहेत, नाहीतर कंटेनर.

गेल्या वर्षी मे महिन्यातच आषाढासारखा पाऊस लागला. कांद्याची चाळ ओली झाली आणि पंधरा दिवसांत अर्धा कांदा नासला. त्याचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. ऑक्टोबरात आईनं होतं नव्हतं ते सगळं बी रोपासाठी वाफ्यात टाकलं. दसरा झाला तरी पाऊस जायचं नाव घेईना. बोटभर रोप पिवळं पडलं आणि आडवं झालं. त्यासाठी नावं ठेवायलाही कुणी नव्हतं. आभाळाला शिव्या घालून झाल्या, मग स्वतःलाच घातल्या.

उरले ते चाळीत तगलेले कांदे. ते पुन्हा लावले की त्यांना दांडे फुटतात, दांड्यांना पांढरे गोंडे येतात आणि गोंड्यांत बी धरतं. आईनं लावायला त्यातले एकसष्ट निवडले. एकेक कांदा तळहातावर घ्यायची, अंगठा फिरवायची आणि इकडे नाहीतर तिकडे ठेवायची.

“काय बघतेस गं एवढं?” मी विचारलं.

“बघतीया कुटं? धरतीया नुसती,” ती म्हणाली. “डोळं तर गेल्यात माजं. बस हितं, शिकवते.”

मला सेकंड शिफ्टला जायचं होतं. मी गाडीला किक मारली.

फेब्रुवारीत गोंडे फुलले आणि ऊन एप्रिलचं पडलं. गोंड्यांवर मधमाश्या घोंघावायच्या, त्या यंदा दिसल्याच नाहीत. कुठल्या उन्हानं गेल्या की कुठल्या फवाऱ्यानं, कोण सांगणार. आई रोज सकाळी रानात जाऊन गोंड्यागोंड्यावरून तळहात फिरवायची, लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. ह्याचे परागकण त्याला लागावेत म्हणून. मी आधी थट्टा केली. मग एका गुरुवारी तिच्या मागं गेलो आणि मीही हात फिरवला. सांगायला लाज वाटते, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

मार्चमध्ये झळा सुरू झाल्या. हिरवे असतानाच गोंडे पांढरे पडून वाळले. रविवारी फर्स्ट शिफ्ट करून आलो, रानात जाऊन पाच ओळींतून पाच गोंडे तोडले आणि चोळले. बी काळं होतं, दिसायला झकास. नखानं दाबलं की आत काही नाही. पाचही गोंडे फोल. आमच्याकडे नियम आहे, सॅम्पलमधले सगळे नग वाईट निघाले की अख्खा लॉट रिजेक्ट. मी बांधावर बसून रडलो. कुणी बघितलं नाही, हे चांगलं झालं.

आईला मी काही बोललो नाही. ती म्हणाली, “मंगळवारपतुर गोंडं तोडून बी चोळून ठिवते. बेस्तरवारी तू घरी हायेस न्हवं? तवा बी पाण्यात टाकू. भरीव आसंल ते तळाला जाईल, फोल वर ऱ्हाईल.” हे ती सणाची तयारी सांगावी तसं सांगत होती. मला ते ऐकवेना.

सोमवारी मी कोंडीरामकडे गेलो. आमचं बी नेणाऱ्या घरांतलं अजून शेती करणारं ते एकच घर.

“गरव्याचं बी असंल का रं थोडं?”

“तुमचं? ते कवाच मोडलं,” कोंडीराम म्हणाला. “चार सालं झाली, आमी दुकानाचंच लावतो. भावानं नगरकडनं सुट्टं आणलंय, हवं तर ने. कांद्याला काय नाव लिवलेलं असतंय का, राव?”

अर्धा किलोची पिशवी त्यानं हातात ठेवली. तिथून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. हे बी आपल्या फोल बियात मिसळायचं. गुरुवारी पाण्यात टाकलं की कोंडीरामचं तळाला जाईल, आपलं वर तरंगेल. आई तरंगलेलं फेकून देईल आणि तळाचं आपलं म्हणून ठेवेल. वाण जाईल, पण तिला कळणार नाही. ती समाधानानं जाईल. मला स्वतःची अक्कल फार पसंत पडली.

बुधवारी फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी आलो. कस्तुरा आईला घेऊन राजगुरुनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. पडवीत सूप होतं आणि सुपाच्या मधोमध थोडंसं काळं बी पसरलेलं. एकसष्ट कांद्यांचं एवढंच निघालं, मला वाटलं, आणि तेही फोल. नखानं एक दाणा दाबून बघायला काय झालं होतं? कंपनीत मी न तपासता एक नग पुढे जाऊ देत नाही. पण माझ्या दृष्टीनं तो लॉट रविवारीच रिजेक्ट झाला होता. पिशवी सुपात रिकामी केली आणि हातानं नीट कालवली.

दोघी पाचच्या सुमारास रिक्षातून उतरल्या. कस्तुरानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळ्याच्या आतला पडदा गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, वर्षभरात उजेड आणि अंधार एवढंच कळेल. आई चप्पल काढून थेट सुपाकडे गेली. तिनं बियात हात घातला आणि हात तिथंच थांबला.

“खंडू, एवढं बी कुटनं आलं ह्याच्यात?”

“तुझंच हाय, आये. गोंड्यांचं.”

“माजं न्हाई.” ती खाली बसली. “आज तू गेल्यावं मला धीर निगंना. मी सकाळीच समदं पाण्यात टाकलं. समदं वर आलं रं. म्या म्हनलं, संपलं आता. मग बादली वतून दिली तर बुडाला चिमूटभर बसलेलं. दाबून बघितलं. भरीव. तेवढंच ह्या सुपात वाळत घातलं व्हतं.”

कस्तुरा दारात उभी होती. आईनं सूप मांडीवर घेतलं आणि बोटांनी बी चाचपडू लागली, दाणा न् दाणा.

“माजी चिमूट कुटं हाय ह्याच्यात?”

मग मी सगळं सांगितलं. कोंडीराम, पिशवी, पाच गोंडे, सॅम्पल. सॅम्पल म्हणजे काय तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि बोटं सुपात फिरतच होती.

मी माझ्या कामाच्या पिशवीतून कंपनीचं भिंग काढलं, पडवीच्या कडेला उजेडात सूप नेलं आणि बघत बसलो. काळे, तीन कोनांचे, सुरकुतलेले दाणे. अर्धा किलो. ओलं आणि कोरडं वेगळं ओळखू येईल म्हटलं, तर दिवसभराच्या उन्हानं सगळं सारखंच कोरडं झालेलं. आमची शंभर-दीडशे बियं त्यात होती, माझ्या डोळ्यांपुढं होती. इतकी वर्षं तपासणी करून पगार घेतला आणि आपल्या घरचा एक दाणा मला बाजूला काढता येईना. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“राहू दे,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “समदंच टाकू वाफ्यात. पाऊस ऱ्हाऊ दील तेवढं ऱ्हाईल. कांदा हुईल तवा त्यातला आपला निवडायचा आन् त्यो बियाला धरायचा.”

“व्हय, आये. तसंच करू.”

“कांदा निगायला पुढला एप्रिल येनार. डागदर काय म्हनला ते मला कळलंय, मी काय भैरी न्हाई.” तिनं तोंड माझ्या दिशेला केलं, पण नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. “हातात धरून निवडीन म्हनलं आसतं, पर तवर मी आसन का नसन. तू वळखशील न्हवं आपला कांदा?”

“वळखीन की,” मी म्हणालो.

“कशावरनं?”

चपटा, फिका गुलाबी, बारीक मानेचा, हे आठवत होतं. पण कोंडीरामचाही तसाच निघाला तर? आईचा अंगठा कांद्यावरून फिरताना नेमका कुठं थांबायचा, ते मला माहीत नव्हतं. तिनं शिकवते म्हटलं होतं त्या दिवशी मी किक मारली होती. आणि आता शिकवायला आमच्या घरात गरव्याचा एकही कांदा नव्हता.

आईनं सूप चाचपून जवळ ओढलं, सगळं बी डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि डबा कस्तुराच्या हातात दिला.