पार्वतीच्या वाटणीचे मोदक

केळुसकरांच्या अंधेरीतल्या बंगल्यात पार्वती तीस वर्षं स्वयंपाक करत होती. केळुसकरांची गोदामं, हॉस्पिटलं, सिमेंटचे कारखाने, सगळं घरातल्या घरात; बाहेरचा एक भागीदार नाही. पण कुठल्या पुढाऱ्यावर त्यांची मर्जी आहे, हे दर गणेश चतुर्थीला अख्ख्या उपनगराला कळायचं. ज्याच्या घरी त्यांचा मोदकांचा पितळी डबा जाईल, तो त्यांचा माणूस.

यंदा घरच्या मालकीणबाईंनी, अनुपमावहिनींनी, दिलेल्या यादीत आमदार सुयोग पेडामकरांचं नाव नव्हतं. दुपारी त्यांचा फोन थेट स्वयंपाकघरात आला.

"पार्वतीताई, आमचा डबा निघाला ना?"

एवढा मोठा माणूस, आणि आवाज असा केविलवाणा! पार्वतीचा जीव कळवळला. मेला मोदकच तर मागतोय, सिंहासन थोडंच मागतोय? स्वतःच्या घरच्या गणपतीसाठी बाजूला काढलेले एकवीस मोदक तिने डब्यात भरले आणि ड्रायव्हरच्या हाती दिले.

संध्याकाळपर्यंत डबा पोचल्याची बातमी पक्षाच्या ऑफिसात गेली. खरं-खोटं केळुसकरांना विचारायची छाती कोणाची? आठवड्याने तिकीट जाहीर झालं, ते पेडामकरांनाच.

वहिनी पेपर घेऊन स्वयंपाकघरात आल्या. पार्वतीचे हात कणकेतच थांबले. वहिनींनी शांतपणे पेपरची घडी घातली.

"पार्वती, पुढच्या वर्षी तुझ्या वाटणीचे मोदक इथेच बसून खायचे. माझ्यासमोर."