छकुलीच्या नावावरच्या अकरा मेंढ्या

हसनाबादेत त्रिंबकच्या घरात बँकेचं पासबुक कधी कुणी धड उघडून पाहिलं नाही. जो काही पैसा होता तो चार पायांवर उभा होता. मूल जन्मलं की पाचवीला एक मेंढी त्याच्या नावावर करायची, तिच्या कानाला त्या मुलाची खूण चिरायची, आणि पुढं तिचा जेवढा वेल वाढेल तेवढा त्या मुलाचा. सून आली की तिच्या नावावरही एक. गरज ज्याची, मेंढ्या त्याच्या विकायच्या. दुसऱ्याच्या नावाला हात लावायचा नाही. हा नियम त्रिंबक पाहुण्यारावळ्यांना असा ऐकवायचा, जणू सरकारचं बजेटही त्यालाच विचारून ठरतं.

खरं सांगायचं तर नियमानं घर तारलंही होतं. दोन पक्क्या खोल्या उठल्या त्या त्रिंबकच्या बायकोच्या, गोपिकाबाईच्या मेंढ्यांवर. त्रिंबकचा गुडघा फुटला तेव्हा त्याच्या स्वतःच्या गेल्या. थोरला बिभीषण, त्याच्या सगळ्यात जास्त होत्या. त्यातल्या काही मोटारसायकलीत गेल्या आणि उरलेल्या भोकरदनला काढलेल्या मोबाइलच्या दुकानात. दुकान वर्षात बसलं. आता कुंपणात अकराच होत्या, सगळ्यांच्या उजव्या कानाला दोन चिरा. त्या धाकट्या छकुलीच्या.

छकुली एकोणीस वर्षांची. जालन्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. फी, राहणं, खाणं मिळून पहिल्या वर्षाचे एक लाख रुपये सोमवारपर्यंत भरायचे होते, आणि अकरा मेंढ्यांत ते आरामात बसत होते. या घरात गरज आणि पैसा पहिल्यांदाच एका वेळी हजर झाले होते. तिथंच माशी शिंकली.

माशी म्हणजे बिभीषणाचं लग्न. वय तेहतीस, आणि सतरा स्थळं मोडलेली. मुलगा मेंढरं राखतो म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठायचे. तीन महिन्यांपासून तो आईशी धड बोलत नव्हता, वाढलेलं ताट तसंच सारून उठत होता. गोपिकाबाईचा जीव तुटायचा. पोटचं पोर डोळ्यांदेखत वाळत चाललं की आईची अक्कल ठिकाणावर राहत नाही.

शनिवारी दुपारी धावड्याचा शिवशंकर आला. त्याच्या लेकीला, मोनिकाला बिभीषण पसंत होता. अठराव्या स्थळाला कुणीतरी हो म्हटलं होतं.

"पोरगी देतो," शिवशंकर म्हणाला, "पण दोन रस्ते हायेत, पावणं. एक तर मांडवाचा खर्चा अन् पोरीच्या अंगावरचं मिळून दीड लाख तुम्ही टाका. न्हाईतर साटंलोटं करू. माझी मोनिका तुमच्या बिभीषणाला, तुमची छकुली माझ्या पोराला, राधेश्यामला. एकाच मांडवात दोन लग्नं. तुमचा खर्चा बिलकुल न्हाई, माझाबी न्हाई."

"पोरगी नर्सिंगचं बघून राह्यली," त्रिंबक म्हणाला.

"मंग बघंल की लग्न झाल्यावर. कोण न्हाई म्हणतंय?"

त्रिंबकनं दुखरा गुडघा चोळला. "पैसा तर न्हाई. मेंढरं हायेत, पण लेकीच्या नावावरची. लेकीचं आपल्याला हराम." मग तो बायकोकडं वळला. "साटंलोटंच बराबर राहील, काय?"

म्हणजे बघा! लेकीच्या मेंढीला हात लावायचा नाही, हा नियम चारचौघांत मिरवायचा. लेकीला लावायचा नाही, असा नियम मात्र या घरात कुणी केलाच नव्हता.

आणि गोपिकाबाईला साटंलोटं ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? ती स्वतः त्यातच आलेली. तिच्या बदल्यात त्रिंबकची बहीण तिच्या भावाला दिलेली. तिकडं भावानं बायकोवर हात उचलला की चार दिवसांत इकडं गोपिकाबाईच्या पाठीवर वळ. एकदा नणंद रुसून माहेरी आली, तेव्हा काही कारण नसताना हिलाही माहेरी धाडलं. चार महिन्यांचा बिभीषण कडेवर घेऊन तिनं आठ महिने भावाच्या दारात काढले. तिकडची नांदायला गेली तेव्हाच इकडची परत आली. हे सगळं आठवत असतानाच तिनं बिभीषणाकडं पाहिलं. किती महिन्यांनी त्याच्या तोंडावर जरा आशा दिसत होती. गोपिकाबाईनं होकाराची मान हलवली.

चहाचा ट्रे घेऊन छकुली दारातच उभी होती.

तिनं ट्रे खाली ठेवला आणि शिवशंकरकडं पाहिलं. "मामा, साटंलोटं न्हाई. कुंपणात अकरा मेंढ्या हायेत माझ्या नावावरच्या. सात गाभण हायेत. त्या घेऊन जा. मला न्हाई."

"अगं, तुझी फी..." त्रिंबक चाचरला.

ती बापाकडं वळली. "नियम तुमचाच हाय ना, दादा? ज्याची गरज त्याच्या मेंढ्या. मंग गरज माझीच हाय. आज या मेंढ्या न्हाई दिल्या तर तुम्ही मला द्याल."

शिवशंकर मेंढरातलाच माणूस. तो उठून कुंपणात शिरला, एकेकीच्या पाठीवर बोटं दाबली, तोंड उघडून दात पाहिले. छकुली मागं उभी राहून कुणाची किती वेतं झाली ते सांगत होती. तिला थांबवायला कुणीही उठलं नाही, बिभीषणही नाही.

"सव्वा लाखाला धरतो. वरचं मी बघून घेईन," शिवशंकर म्हणाला, आणि त्रिंबकच्या खांद्यावर हात ठेवून हळहळला, "पोरगी लई हुशार हो. आमच्या घरात आली असती तर सोनं झालं असतं."

पाचच्या सुमाराला पिकअप आली. मेंढ्या चढेनात. छकुलीनं पुढचीला कानाला धरून वर घेतलं, तशा बाकीच्या मागोमाग चढल्या. उतरवून घ्यायला बिभीषणही गाडीत बसला आणि गाडी धावड्याच्या रस्त्याला लागली.

गोपिकाबाई लेकीजवळ गेली. तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं फार वाटलं, पण धजेना. "पुढल्या वर्षी भरू फी," ती म्हणाली. पुढल्या वर्षी विकायला या घरात कुणाच्याच नावावर काही उरलं नव्हतं, हे बोलता बोलता तिचं तिलाच कळत होतं.

छकुलीनं तिच्याकडं पाहिलं. "माय, तू मान का हलवली?"

"तुझ्या बापानं ठरवल्यावर..."

"दादांचं मला सांगू नको. तू का हलवली?"

बिभीषणाचं नाव घेता आलं असतं, नशिबाचं घेता आलं असतं. पण या पोरीसमोर गोपिकाबाईला खोटं बोलवेना.

"खर्चा वाचत व्हता, बाई."

"किती?"

"दीड लाख," असं म्हणत गोपिकाबाई तिथंच मातीत बसून मोठमोठ्यानं रडू लागली. छकुलीनं तिला रडू दिलं. जवळ मात्र घेतलं नाही.